जन्मस्थळ : इंदूर

शाळेचा कुठलासा फॉर्म भरताना लेक जन्मस्थळाच्या रकान्यापाशी थांबली. "आई, घरात सगळे बेळगावचे. मी एकटीच कशी गं इंदूरची?"

खरंच होतं ते. चुलत, मावस, आत्ये, मामे धरून आमच्या घरात अकरा नातवंडं. त्यातली दहा बेळगावात जन्मली आणि ही एकटी तिथून जवळजवळ हजार किलोमीटरवर, मालव्यात. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपल्या सीमाभागात दोन्ही भाषांची रीत. मराठीत माहेर म्हणा, कन्नडमध्ये तवरुमने म्हणा, ओटी भरली की लेक तिकडे जायची आणि बाळाला घेऊनच परतायची. माझं तसं झालं नाही. का झालं नाही, हे तिला एकदा सांगायचं होतं आणि जागेवर नेऊन दाखवायचंही होतं. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही मायलेकी निघालो.

बेळगावहून रात्रीच्या बसनं पुणं गाठलं. पुण्याहून इंदूरची गाडी रात्रभर गुजरातचा वळसा घालते आणि सकाळी मालव्यात शिरते. खिडकीतून काळी माती, हिरवा गहू, हरभरा आणि धुक्यात उभी बाभळीची झाडं दिसू लागली. लेक म्हणाली, "आपल्या अथणीकडं दिसतं तसंच दिसतंय की!" मलाही लग्न होऊन पहिल्यांदा आले तेव्हा हेच वाटलं होतं.

मालव्यातलं मराठी घर

इंदूर मराठी माणसाला परकं वाटत नाही. १८१८ साली मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इथं आली आणि तिच्याबरोबर कितीतरी मराठी कुटुंबं येऊन वसली. आजही बसस्टँडला नाव सरवट्यांचं. विनायक सीताराम सरवटे हे संविधान सभेचे सदस्य होते. राजवाड्याचे खालचे मजले दगडी, वरचे लाकडी आणि समोरच्या बागेत अहिल्याबाई. आमच्या घराकडे जाताना तर चिकमंगलूर चौराहा लागतो. पाटी वाचून लेक रिक्षातच ओरडली, "आई, कर्नाटक!" रिक्षावाला हसून म्हणाला, "भिया, ये तो अपना इंदौर है."

रामबागेतलं आमचं घर जुन्या वाड्याचं होतं. आता तिथं दीर राहतात. सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडायची. "पोहे खाऊन घे", "घाबरून नको राहू", "मी आहे न" अशी हिंदीच्या पाण्यात भिजलेली मराठी. बाळंतपणाला त्या 'जापा' म्हणायच्या, तसं तर सगळा मालवाच म्हणतो. माझी आई कन्नड घरातली, तिला मी अव्वा म्हणते. तिच्याकडे बाळंतपणाला बाणंतन आणि बाळंतिणीला बाणंती. शब्द बघा, सख्ख्या बहिणी वाटतात. कळांना आपण वेणा म्हणतो, आमच्या अज्जीच्या तोंडी ब्यानी होतं. मराठीतली सुईण कन्नडमध्ये सूलगित्ती होते. याच नावानं सूलगित्ती नरसम्मा साऱ्या कर्नाटकाला माहीत आहेत. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडच्या या बाईंनी सत्तर वर्षांत पंधरा हजारांहून अधिक बाळंतपणं पैसे न घेता केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

२०१२ च्या पावसाळ्यात मला दिवस गेलेले होते आणि डिसेंबरची तारीख होती. सातव्यात बेळगावला जायचं ठरलं होतं. अव्वानं डिंक आणून ठेवला होता, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली होती. आणि गणपतीच्या तोंडावर ती न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरूण. बाणंतन कोण करणार? सासूबाई फोनवर अव्वाला म्हणाल्या, "तुम्ही काळजी नका करू, मी करते न जापा." माझं तिकीट रद्द झालं.

चिगव्वाची गोष्ट

मला बाळंतपण नैसर्गिक हवं होतं. कळा वाढवायची औषधं नकोत, वेदना मारायची सुई नको, विनाकारण ऑपरेशन तर नकोच. यात शौर्य गाजवायचं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की आपलं शरीर हे काम जाणतं, तर त्याला आधी करू द्यावं.

फोनवर हे अव्वाला सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग ती म्हणाली, "सरळ ऑपरेशन करून घे."

तिच्या सांगण्यामागे कारण होतं. तिची धाकटी बहीण, आमची चिगव्वा, १९७९ साली गोकाक तालुक्यातल्या एका खेड्यात घरीच बाळंत झाली. सगळं सुरळीत झालं. मुलगा झाला, रडला, सूलगित्तीनं नाळ कापली, घरात साखर वाटली. आणि मग रक्त थांबेना. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत बैलगाडी, सडकेवर एस.टी.ची वाट. चिगव्वा त्या गाडीतच गेली. वय एकोणीस. अव्वा तेव्हा तिच्या उशाशी होती. 'नैसर्गिक' हा शब्द माझ्या कानाला गोड लागत होता. तिला त्या शब्दासरशी ती बैलगाडी दिसत होती.

म्हणजे घरात दोन माणसं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मी ज्या डॉक्टरबाईंकडे नाव घातलं होतं, त्यांना हे सगळं सांगितलं. लहानसं प्रसूतिगृह, वर त्यांचं घर. त्या म्हणाल्या, "तुझी आई खरं सांगते आहे आणि तूही खोटं नाही बोलत. तुझ्या मावशीला बाळंतपणानं नाही मारलं. वेळेवर सुई आणि रक्त नाही मिळालं म्हणून ती गेली. आपण बाळंतपण तुझ्या मनासारखं करू, आणि सुई, रक्त, ऑपरेशनची खोली तिच्या मनासारखी तयार ठेवू."

त्यांनी अटीही सांगितल्या. रक्तदाब वाढला, वार खाली आली, बाळ आडवं राहिलं, ठोके बिघडले, तर हट्ट करायचा नाही. माझ्या रक्तगटाचे दोन दाते सांगून ठेवायचे. ऑपरेशनसाठी भूल देणारे डॉक्टर दहा मिनिटांच्या अंतरावर होते, त्यांना तारीख कळवून ठेवली. घरात नव्हे, इथंच यायचं. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेलं तर आधी ते वर आणायचं. मला ते पटलं. अव्वाला अर्धं पटलं.

मग तयारी. रोज पहाटे रामबागेच्या गल्ल्यांतून पाऊण तास चालणं, उकिडवं बसून भाजी निवडणं, मांडी घालून श्वासाचा सराव. डॉक्टरबाईंनी एक साधी गोष्ट समजावून सांगितली. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली आपल्या पुस्तकात ती मांडली होती. भीती वाटली की अंग आवळतं, अंग आवळलं की कळ जास्त दुखते, जास्त दुखलं की भीती वाढते. हे चक्र कुठंतरी तोडायचं. कसं तोडायचं? श्वास लांब सोडून, अंग हलतं ठेवून आणि सोबत विश्वासाचं माणूस ठेवून. "तिसरं सगळ्यात महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "आत कोण येणार?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर खोचला.

ती रात्र

डिसेंबरातला तो दिवस कडाक्याच्या थंडीचा होता. संध्याकाळी दिवेलागणीला पहिली कळ आली, कंबरेतून निघून पोटावर पसरली आणि ओसरली. वीस मिनिटांनी दुसरी. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं, "पाच-पाच मिनिटांनी यायला लागल्या, एकेक मिनिटभर टिकल्या आणि तासभर तशाच चालल्या की या. पाणमोट फुटली, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच या." तोवर घरीच. सासूबाईंनी मऊ खिचडीवर तूप घालून बळेच चार घास भरवले. नंतर वाड्याच्या चौकात आम्ही दोघी फेऱ्या मारत राहिलो. कळ आली की मी खांबाला धरून वाकायची आणि त्या माझ्या कंबरेच्या खालच्या हाडावर मूठ दाबून धरायच्या. त्या दाबानं कळ निम्मी होते. हे त्यांना कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या सासूनं दाबलं होतं न!"

रात्री एकच्या सुमारास निघालो. गाडी राजवाड्याजवळ आली तर सराफा जागाच. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि दुकानं बंद झाली की खाण्याचा. थंडीत तिथं तळलेल्या गराडूचा वास दरवळत असतो. एरवी त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. त्या रात्री नाक दाबून धरलं. गर्दीत गाडी अडकली, नेमकी कळ आली आणि मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. यजमानांचा एक मित्र खिडकीशी येऊन विचारतो, "भिया, गराडू खाओगे?" सासूबाईंनी त्याला असं काही झापलं की तोच धावत पुढं जाऊन गर्दी हटवायला लागला. लेकीला ही गोष्ट इतकी आवडते की यावेळी सराफ्यात उभी राहून तिनं गराडूची पहिली फोड खाल्ली ती त्या अनोळखी काकांच्या नावानं.

प्रसूतिगृहात सिस्टरनं तपासलं. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं. पलंगावर आडवं पाडलं नाही, पायांत पट्टे अडकवले नाहीत. "चलते रहो, पानी पीते रहो." दर अर्ध्या तासानं लहानशा यंत्रानं बाळाचे ठोके ऐकायचे, वहीत मांडायचे, की पुन्हा चालणं. कधी खिडकीची चौकट धरून डुलायचं, कधी गादीवर ओणवं व्हायचं, कधी कुशीवर. कंबरेला गरम पाण्याची पिशवी आणि सासूबाईंची मूठ.

हे सगळं गोड होतं असं मात्र कुणी समजू नये. चारच्या सुमाराला कळा एकीवर एक चढल्या. मधली विश्रांती नाहीशी झाली. अंग थरथरायला लागलं, ओकारी झाली आणि माझा सगळा निश्चय गळून पडला. "माझं ऑपरेशन करा," मी रडत म्हणाले. "आत्ताच्या आत्ता करा." निसर्गाला आणि स्वतःच्या अकलेला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

डॉक्टरबाईंनी ठोके ऐकले, तपासलं. त्या रागावल्या नाहीत आणि उपदेशही केला नाही. म्हणाल्या, "बाळ उत्तम आहे. नऊ सेंटिमीटर झाले. बायका बहुधा इथंच धीर सोडतात, कारण शेवट जवळ आलेला असतो. अर्धा तास बघू. त्यानंतर तू म्हणशील तसं." 'तू म्हणशील तसं' या तीन शब्दांनी मला पुन्हा उभं केलं. दार बंद नव्हतं. आणि ते उघडं आहे म्हटल्यावर त्यातून पळायची घाईही राहिली नाही.

तेवढ्यात सासूबाईंनी फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला. बेळगावात अव्वा रात्रभर जागीच होती. मला वाटलं, आता म्हणेल, ऑपरेशन करून घे. ती म्हणाली, "हेदरब्याड, मगळे. उसिरु बिडु." घाबरू नको, पोरी. श्वास सोड.

लहानपणी ताप आला, पायात काटा रुतला की ती हेच म्हणायची. माझा आवळलेला जबडा सुटला. "उसिरु बिडु... उसिरु बिडु..." प्रत्येक कळेला ती म्हणत राहिली. सिस्टर उज्जैनकडची. तिला कन्नडचा गंध नाही, पण या दोन शब्दांनी पोरीचं अंग सैल पडतंय हे तिनं ओळखलं. फोन मध्येच तुटला तर तिनंच सुरू केलं, "उसरू बिडो, बेटा, उसरू बिडो!" पाठोपाठ सासूबाई, "उसरू बिडू!" मालव्यातल्या त्या खोलीत दोन बायका अशुद्ध कन्नडमध्ये मला श्वास घ्यायला शिकवत होत्या आणि मी कळेतही हसले.

पुढचं काम वेगळंच. आता दुखणं नव्हतं, जोर होता. गादीच्या कडेला सासूबाईंना पाठ टेकून मी उकिडवी बसले. डॉक्टरबाई समोर जमिनीवर बसल्या. "घाई नको. तो जोर आपोआप येईल तेव्हाच दे." पाच चाळीसला बाळाचं डोकं आलं आणि मागोमाग सगळी लेक, ओली, गरम, निळसर गुलाबी. तशीच उचलून माझ्या उघड्या छातीवर ठेवली, वरून दुलई. नाळ लगेच कापली नाही. ती धडधडायची थांबेपर्यंत वाट बघितली. बाहेर पहिली दूधगाडी वाजली.

रक्त किती गेलं?

वार पडायच्या आधीच माझ्या मांडीत एक सुई बसली. मी म्हटलं, "औषध नको ठरलं होतं ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही तुझ्यासाठी नाही. ही तुझ्या आईसाठी आहे."

ती ऑक्सिटोसिनची सुई होती. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय घट्ट आवळावं आणि रक्तस्राव थांबावा म्हणून देतात. बाळंतपण कितीही नैसर्गिक असो, ही सुई प्रत्येक बाईला द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण बाळंतिणी दगावण्याचं मोठं कारण आजही प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हेच आहे. थोडी इजा झाली होती, तिथं जागा बधिर करून दोन टाके घातले. म्हणजे हिशेबानं बघायचं तर 'औषधाविना' हा शब्द मला पुरता लावता येणार नाही. बाळ होईपर्यंत औषध नव्हतं, झाल्यावर होतं. मला वाटतं, जोडी अशीच हवी.

सासूबाईंनी बेळगावला फोन लावून माझ्याकडे दिला. मुलगा की मुलगी, वजन किती, कुणासारखी, अव्वानं काही काही विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "रक्त एष्ट होतु?" रक्त किती गेलं?

मी म्हटलं, "थोडं. थांबलं अव्वा. थांबलं."

मग ती रडली. तेहेतीस वर्षांचं रडणं होतं ते.

देशाच्या आकड्यांत हा फरक असा दिसतो. २००४–०६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनं गरीब बायकांना तिथवर आणलं, त्याचा यात मोठा वाटा आहे. पण दुसरी बाजूही आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सीझरनं झालेली आढळली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. खासगीत निम्म्या बायकांचं बाळ वाटेत अडतं असं कोण म्हणेल? चिगव्वाला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही आणि आज कित्येकींना नको असताना मिळतं. दोन्हीकडे बाईला कुणी विचारलेलं नसतं.

पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना वाचल्या तेव्हा आमच्या डॉक्टरबाईंची आठवण आली. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत घाई नको, बाईला हवं तसं हलू-बसू द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या, सरसकट चिरा देऊ नका. आपल्या केंद्र सरकारनंही २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत सोबतीच्या बाईला प्रसूतीच्या खोलीत येऊ द्यावं असं सांगितलं आहे. लेकी-सुनांचं नाव घालताना हे विचारून घ्यावं. आत कोण येऊ देणार? चालू देणार का? गरज पडली तर रक्त आणि भूल किती मिनिटांत? उत्तर देणारा चिडला तर तेही उत्तरच.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या नणंदेचं पुढच्याच वर्षी सीझर झालं, बाळ आडवं होतं. घरी येणाऱ्या बायका तिला म्हणायच्या, "हिनं बघ कसं सोसलं." ती खाली मान घाले. एके दिवशी सासूबाई कडाडल्या, "पोट फाडून घेतलं तिनं लेकरासाठी, ते काय कमी सोसलं?" सुई घेऊन वेदना कमी करणारीही तितकीच आई असते. नैसर्गिक बाळंतपण हे पदक नाही. जमलं तर चांगलं, नाही जमलं तर दुसरी वाट आहे, एवढंच.

कस्तुरबाग्राम

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन खंडवा रस्त्यावर कस्तुरबाग्रामला गेले. गरोदरपणात डॉक्टरबाईंनीच मला इथं पाठवलं होतं, "जाऊन बघून ये" म्हणून. शहर आता तिथवर पोचलं आहे, पण आवारात शिरलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात गेल्या. त्यांच्या नावानं देशानं ७५ लाखांचा निधी जमवायचं ठरवलं आणि जमले एक कोटीहून अधिक. गांधीजींचं म्हणणं पडलं की हा पैसा खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठीच लागावा. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट झाला आणि त्याचं मुख्यालय इथं आलं. खेड्यांसाठी ग्रामसेविका घडवायच्या, सुईणीचं काम शिकवायचं, हे या संस्थेचं मोठं काम. त्याआधीही इंदुरात हा प्रश्न ओळखणाऱ्या बायका येऊन गेल्या होत्या. १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बीटी कॅनडाहून इथं आल्या, पुरुष डॉक्टरला नाडी न दाखवणाऱ्या बायकांसाठी. त्यानंतर दोनच वर्षांनी आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. चौदाव्या वर्षी झालेलं तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं.

एका झाडाखाली बसून मी लेकीला गांधीजींच्या आत्मकथेतली गोष्ट सांगितली. १९०० साली दरबानला कस्तुरबांना अचानक कळा सुरू झाल्या. डॉक्टर मिळेनात, सुईण यायला उशीर. गांधीजींनी डॉ. त्रिभुवनदासांचं मातांसाठी लिहिलेलं गुजराती पुस्तक वाचून ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच बाळंतपण केलं. ते बाळ म्हणजे देवदास. आपण गडबडलो नाही, असं गांधीजी लिहितात.

लेकीनं विचारलं, "आणि कस्तुरबांना काय वाटलं?"

ते त्या पुस्तकात नाही, मी म्हटलं. तिला ते चाललं नाही. "बाळ त्यांना झालं ना? मग त्यांना विचारायला नको?"

तेरा वर्षांच्या पोरीला जे दिसलं, ते कितीतरी दवाखान्यांतल्या वहीत आजही नसतं. बाळाचं वजन असतं, वेळ असते, टाके किती ते असतं. बाईला काय हवं होतं आणि काय वाटलं, याला रकाना नाही. कस्तुरबांची आठवण गावोगावच्या बायकांना बाळंतपण शिकवून ठेवली, हे मला म्हणूनच बरं वाटतं. वेणा देणाऱ्या बाईच्या उशाशी जाणकार बाई बसावी, याहून वेगळं स्मारक काय असणार?

हीच का ती जागा?

शेवटच्या सकाळी तिला जन्माची जागा दाखवायला नेलं. डॉक्टरबाई निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेल्या आहेत. प्रसूतिगृह बंद. त्या इमारतीत आता स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं वसतिगृह आहे. खिडकीच्या ज्या चौकटीला धरून मी डुलत होते, तिथं कुणाची तरी जीन्स वाळत होती.

"इथं?" लेकीचा चेहरा पडला.

"इथंच. त्या खिडकीच्या आत."

ती बराच वेळ वर बघत उभी राहिली. थंडी होती. मग तिनं तोंडातून लांब श्वास सोडला आणि त्याची वाफ बघत राहिली. मी काही बोलले नाही.

कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे-जिलबी घेतली. इंदुरी पोह्यांवर शेव आणि जिरावण लागतंच. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात स्वच्छतेत पहिलं येत आलं आहे. लेकीनं कागदी द्रोण नीट घडी घालून डब्यात टाकला आणि अव्वाला फोन लावला. अव्वा आता काठी घेऊन चालते, कानानं कमी ऐकते.

"अज्जी, मी जिथं जन्मले ना, तिथं उभी आहे!" ती ओरडून सांगत होती.

पलीकडून अव्वा काहीतरी म्हणाली. लेक हसायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, थंडीत कानाला बांध. आणि विचारते, तुझी आई नीट जेवते ना?"